मुंबईतली ती अमेरिकन सिटकॉम वाईटच होती, तरी तिला दुसरा सीझन मिळायला हवा होता

अमेरिकेत एनबीसी चॅनलवर २०१० साली एक सिटकॉम लागायची आणि ती चक्क मुंबईत घडायची, हे मुंबईच्या माणसाला सांगितलं तर त्याला आधी आपण फेकतोय असंच वाटतं. नाव 'आउटसोर्स्ड'. २३ सप्टेंबर २०१० ला पहिला एपिसोड, १२ मे २०११ ला बाविसावा आणि शेवटचा, मग चॅनलने गाशा गुंडाळला आणि आज ती कुणाच्या लक्षात असलीच तर क्विझमधल्या एखाद्या प्रश्नापुरती. ती बंद झाली तेव्हा बऱ्याच लोकांना बरं वाटलं होतं, त्यात आपले लोकही होते. मला काय म्हणायचंय ते आधीच सांगून टाकतो म्हणजे नंतर वाद नको. मालिका वाईट होती, काही एपिसोड तर अक्षरशः बघवत नाहीत, आणि तरीही तिला दुसरा सीझन मिळायला हवा होता. कुणावर उपकार म्हणून नाही, तर तेवढ्याच वाईट गोऱ्या मालिकांना जे सहज मिळतं ते हिलाही मिळायला हवं होतं म्हणून.

आधी थोडी ओळख करून देतो कारण नव्वद टक्के लोकांनी ती पाहिलेली नसणार. कॅन्सस सिटीची मिड अमेरिका नॉव्हेल्टीज नावाची कंपनी, माल काय तर बसलं की पादल्यासारखा आवाज करणारी उशी, स्टेडियममध्ये नाचवायचं फोमचं मोठ्ठं बोट, बेकनचं पाकीट, असला सगळा फालतूपणा. तिथला टॉड नावाचा तरुण ट्रेनिंगवरून परत येतो तर ऑफिस रिकामं, अख्खं कॉल सेंटर मुंबईला हलवलेलं, आणि साहेब म्हणतो नोकरी हवी असेल तर तिकडे जा आणि मॅनेजर हो. मुंबईत त्याला भेटतात राजीव गिडवानी, ज्याला टॉडची खुर्ची हवीय कारण मॅनेजर झाल्याशिवाय होणारा सासरा मुलगी देणार नाही, मग अखंड बडबड करणारा गुप्ता, मुलींवर लाईन मारणारा मनमीत, जिचा आवाज शेजारच्या टेबलापर्यंतही पोचत नाही ती माधुरी, आणि आशा, जिच्यावर टॉडचा जीव जडायचाच असतो आणि तसा तो जडतोच. शेजारच्या दुसऱ्या कॉल सेंटरमध्ये चार्ली नावाचा एक अमेरिकन, भारतात राहून भारताला वैतागलेला.

मूळ गोष्ट २००६ च्या याच नावाच्या सिनेमाची. जॉन जेफकोट त्याचा दिग्दर्शक, भारतात येऊन शूट केलेला छोटासा, बऱ्यापैकी गोड सिनेमा, आयेशा धारकर त्यात आशा होती. त्यात अमेरिकन माणूस ज्या गावात येतो त्या गावाचं नाव घारापुरी. आपल्याकडची निम्मी माणसं त्या बेटाला एलिफंटाच म्हणतात आणि इथे सिएटलकडचा माणूस गावाला नाव देताना घारापुरी शोधून काढतो, म्हणजे कुणीतरी जरा तरी नकाशा चाळला होता. मालिकेत आल्यावर घारापुरी गेली आणि मुंबई आली, आणि मुंबई म्हणजे लॉस एंजेलिसच्या स्टुडिओतला एक सेट, खिडकीबाहेर थोडी गडबड, रंगीबेरंगी कपडे आणि रिक्षा. पहिला एपिसोड केन क्वापिसने डायरेक्ट केला होता, ज्याने 'द ऑफिस'चाही पहिला एपिसोड केला होता, म्हणजे मालिका काही ऐऱ्यागैऱ्यांच्या हातात नव्हती.

आता त्या वर्षीच्या गुरुवारची गंमत बघा, ट्रिव्हियावाल्यांना आवडेल अशी आहे. एनबीसीचा गुरुवार म्हणजे कॉमेडीचा वार. आठ वाजता 'कम्युनिटी', त्यात डॅनी पुडी. साडेआठला 'थर्टी रॉक', त्यात साहेबाच्या पायाशी लोळण घेणारा असिस्टंट म्हणून मौलिक पंचोली. नऊला 'द ऑफिस', त्यात केली कपूर झालेली मिंडी केलिंग, जी पडद्यामागे लिहायचीही आणि २००६ मधला दिवाळीचा एपिसोड तिनेच लिहिलेला. आणि साडेनऊला 'आउटसोर्स्ड'. म्हणजे ओळीने दोन तास, चार मालिका, आणि प्रत्येकीत एक तरी देसी चेहरा! पण पहिल्या तिन्हींत तो एकटा होता, आजूबाजूला सगळे बाकीचे, आणि साडेनऊ वाजले की अचानक उलटं, खोलीभर आपले लोक आणि मधे एक गोरा. एकटा देसी कुणालाच खुपत नव्हता, चारपाच जण एकत्र बसलेले दिसले की प्रश्न सुरू झाले की हे काय, हे कुणासाठी, यांच्यावर हसायचं का यांच्याबरोबर.

मालिकेची सुरुवातही शत्रू तयार करूनच झाली. साडेनऊचा हा स्लॉट खरं तर 'पार्क्स अँड रिक्रिएशन'चा असायला हवा होता. तिचा तिसरा सीझन तिची नायिका एमी पोलर गरोदर होती म्हणून आधीच थोडा शूट करून तयार ठेवलेला, आणि चॅनलने काय केलं तर तो डबाबंद करून जानेवारी २०११ पर्यंत मागे ढकलला आणि जागा 'आउटसोर्स्ड'ला दिली. 'पार्क्स'चे चाहते खवळले, आणि त्यांचा राग चॅनलवर निघायच्या ऐवजी मुंबईच्या त्या सेटवर निघाला. पुढे 'पार्क्स'चे एकूण १२५ एपिसोड झाले आणि आज ती लोकांची लाडकी आहे, आणि जानेवारीत ती परत आली तेव्हा 'आउटसोर्स्ड'ला उचलून रात्री साडेदहाला टाकलं. अमेरिकेत रात्री साडेदहाला सिटकॉम! तो तास तिथे वर्षानुवर्षं पोलीस, वकील, डॉक्टरांचा, तिथे हसायला कोण जागं बसणार.

टायमिंगही असं की विचारू नका. २०१० चं अमेरिका म्हणजे मंदीने कंबरडं मोडलेलं, बेकारी नऊ टक्क्यांच्या वर, निवडणुकीच्या प्रचारात आउटसोर्सिंग म्हणजे शिवी. नोकरी गेलेल्या माणसाने रात्री टीव्ही लावायचा आणि नोकरी जिथे गेली तिथल्या लोकांची धमाल बघायची, ही कल्पना ज्या कुणी चॅनलच्या मीटिंगमध्ये पास केली त्याला दंडवत. मालिका चालू असतानाच, ६ नोव्हेंबरला, ओबामा मुंबईत आले आणि उद्योगपतींसमोरच्या भाषणात त्यांनी हाच विषय काढला, की अमेरिकेत काही लोकांना भारत म्हणजे नोकऱ्या पळवणारी कॉल सेंटर आणि बॅक ऑफिसं एवढाच दिसतो आणि हे चित्र आता जुनं झालंय, अशा अर्थाचं ते बोलले. इकडे राष्ट्राध्यक्ष मुंबईत येऊन साचा मोडा म्हणतायत आणि तिकडे त्यांच्याच देशातलं चॅनल दर गुरुवारी तोच साचा नव्याने ओततंय.

आणि साचाच होता तो, यात मी मालिकेची बाजू घेणार नाही. पहिला एपिसोड काढून बघा. जेवण खाल्लं की पोट बिघडणार हा विनोद, मनमीत या नावावर इंग्रजी अर्थ काढून केलेला विनोद, गाईचा विनोद, सगळं पहिल्या वीस मिनिटांत उरकलेलं. एपिसोडची नावं तर बघायलाच नकोत. 'होम फॉर द दिवालीडेज', 'टेम्पररी मॉन्सॅनिटी', 'अ सितार इज बॉर्न', 'जॉली विंदालू डे'. विंदालू म्हणजे गोव्याच्या ख्रिस्ती घरातलं व्हिनेगर घातलेलं डुकराचं मटण, त्याचा डे कुठून आला देव जाणे. कलाकारांचं म्हणाल तर राजीव करणारा रिझवान मांजी टोरंटोचा, गुप्ता करणारा परवेश चीना इलिनॉयचा, मनमीत सच्चा धवन आणि आशा रेबेका हेझलवूड दोघं ब्रिटिश, माधुरी करणारी अनिशा नागराजन अमेरिकन. चांगले कलाकार आहेत सगळे, पण मुंबईचं कुणीच नाही, आणि त्या सगळ्यांना लॉस एंजेलिसमध्ये बसून मुंबईचं इंग्रजी बोलायचंय. त्यामुळे प्रत्येकाचा अॅक्सेंट वेगळ्याच गावचा.

पण मला खरा राग कसला येतो सांगू का, साच्याचा नाही, आळसाचा. कारण कॉल सेंटर या जागेत इतका विनोद भरलेला आहे की तो वेचायला नुसता एक महिना मालाडच्या माइंडस्पेसच्या बाहेर चहाच्या टपरीवर उभं राहिलं असतं तरी पुरलं असतं. रात्री दोन वाजता भुर्जीपावच्या गाडीवर गळ्यात आयकार्ड अडकवलेली बावीस-तेवीस वर्षांची पोरं, त्यातला एक विरारचा, आत गेला की तो 'केविन', बाहेर आला की परत कैलास. व्हॉइस अँड अॅक्सेंटच्या ट्रेनिंगमध्ये टेक्सास आणि न्यू जर्सी वेगळं ऐकायला शिकलेला, आणि घरी आईला मात्र आपण नेमकं काय काम करतो ते अजून समजावता न आलेला. कॉल किती मिनिटांत संपवायचा याचं एएचटीचं टार्गेट, ते वाढलं की टीएल, म्हणजे टीम लीडर, येऊन खुर्चीमागे उभा, आणि पलीकडे ओहायोतली एक म्हातारी जिला प्रिंटरचं काहीच पडलेलं नाही, तिला फक्त कुणाशी तरी बोलायचंय. मग म्यूट दाबून आई-बहिणीवरून अस्सल मराठीत एक शिवी, आणि म्यूट काढून 'आय टोटली अंडरस्टँड मॅम'. शिवी घातली तेव्हा म्यूट खरंच दाबलेलं होतं का, ही शंका आली की त्या माणसाचं तोंड कसं होतं ते बघण्यासारखं असतं! अमेरिकेत थँक्सगिव्हिंगला हे निवांत आणि इथे गणपतीच्या विसर्जनाला फुल शिफ्ट. पिकअपची गाडी कुणाला आधी घेते आणि कुणाला शेवटी सोडते यावरून झालेली भांडणं, त्याच गाडीत मागच्या सीटवर जुळलेली लग्नं. सकाळी साडेसहाला पोरगी गाडीतून उतरते आणि खालच्या मजल्यावरच्या काकू दुधाची पिशवी घ्यायला बरोब्बर तेव्हाच दार उघडतात. बायकांनी रात्री कामाला जायचं नाही असं सांगणारा १९४८ चा दुकानांचा कायदा आणि त्यातून कॉल सेंटरला दिलेली सूट, या दोन्हींच्या मधे एका अख्ख्या पिढीतल्या मुलींनी पहिला स्वतःचा पगार मिळवला. यातल्या कशावरही एपिसोड लिहा, लिहून संपणार नाही.

यातलं मालिकेत काय आलं? जवळजवळ काहीच नाही. लेखकांचा डोळा टॉडच्या खांद्यावर बसवलेला, त्याला जे विचित्र वाटेल तेच आपल्याला दिसणार, आणि परक्या माणसाला पहिल्या आठवड्यात विचित्र वाटतं ते म्हणजे गाय, तिखट आणि नावं. त्याला एएचटी विचित्र वाटत नाही कारण ते त्याच्याच कंपनीने लावलेलं आहे. खरा मुद्दा तिथेच होता आणि तोच सुटला. रात्र आणि दिवस उलटे करून, नाव बदलून, आवाज बदलून या पोरांना राबवणारी व्यवस्था मुळातच एवढी विनोदी आहे आणि ती अमेरिकनच आहे, पण हसू मात्र सगळं राबणाऱ्यांवर.

एवढं सगळं बोलून झाल्यावर आता दुसरी बाजू. मालिका सुधारत होती. चमत्कार वगैरे नाही, पण सलग बघत गेलात तर सीझनच्या दुसऱ्या अर्ध्यात जाणवतं की लेखकांना आता माणसं सापडायला लागलीत. गुप्ता आधी नुसता बडबड्या विदूषक, नंतर हळूहळू कळतं की या माणसाला कुणी जेवायला सोबत घेत नाही म्हणून तो बोलत सुटतो, आणि परवेश चीनाने ते फार छान केलंय. राजीव आधी खलनायक, मग कळतं की हा मनुष्य लग्नासाठी हपापलाय आणि त्याच्या मिरवायच्या सवयीखाली घाबरटपणा आहे, शेवटी त्याचं त्या मुलीशी, विमीशी, लग्न लागतं तेव्हा आपल्याला बरं वाटतं. टॉडची गरज कमी कमी होत गेली, तो नसलेले सीन जास्त चांगले व्हायला लागले. अमेरिकन सिटकॉमचं हे नेहमीचंच आहे. पहिला सीझन चाचपडण्यात जातो. 'द ऑफिस'चा २००५ मधला पहिला सीझन सहा एपिसोडचा, ब्रिटिश मूळ मालिकेची कॉपी म्हणून झोडपलेला, स्टीव्ह करेलचं पात्र नुसतं किळसवाणं, आणि दुसऱ्या सीझनला त्याला थोडं माणूस केलं मग गाडी रुळावर आली ती २०१ एपिसोडपर्यंत. 'पार्क्स'चा पहिला सीझनही सहा एपिसोडचा आणि आज तिचे चाहते स्वतःच नवीन माणसाला सांगतात की तो सोडून दे, दुसऱ्यापासून बघ. १९८२ ची 'चिअर्स' रेटिंगच्या तळाला होती, तरी ठेवली आणि अकरा वर्षं चालली. 'साइनफेल्ड'चा पायलट, म्हणजे नमुन्याचा पहिला एपिसोड, १९८९ चा, पहिला सीझन धरून जेमतेम पाच एपिसोड, चॅनलला भरवसाच नव्हता. आणि गंमत म्हणजे या चारही एनबीसीच्याच. म्हणजे धीर कसा धरायचा हे त्या चॅनलला माहीत नव्हतं असं नाही.

यावर कुणी म्हणेल की तुम्ही जगल्या त्याच मोजताय, पहिल्या वर्षी मेलेल्या शेकडो गोऱ्या मालिका कुठे गेल्या. मुद्दा बरोबर आहे, आणि म्हणूनच त्याच वर्षातल्या मेलेल्याच बघू. जानेवारी २०११ ला एनबीसीने 'परफेक्ट कपल्स' आणली, तीन जोडपी, जवळजवळ सगळी गोरी, चालली नाही, बंद. एप्रिलमध्ये 'द पॉल रायझर शो' आणला, दोन एपिसोड लागले आणि काढून टाकला. दोन! पण या दोन्ही आपटल्यावर कुणी असं म्हटलं का की गोऱ्या जोडप्यांची गोष्ट लोकांना नको असते, किंवा मध्यमवयीन गोऱ्या बापाला अमेरिका अजून तयार नाही? त्या आपटल्या म्हणजे फक्त त्याच आपटल्या. पुढच्या सीझनला तसल्याच आणखी डझनभर आल्या. 'आउटसोर्स्ड' आपटली तेव्हा मात्र चर्चा झाली ती भारतीय लोकांची सिटकॉम होऊ शकते का, याची.

आणि आता या सगळ्यातला मला सगळ्यात जास्त आवडणारा, किंवा खरं तर सगळ्यात जास्त चिडवणारा ट्रिव्हिया. 'आउटसोर्स्ड' काढल्यावर सप्टेंबर २०११ मध्ये 'द ऑफिस'च्या नंतरच्या त्याच साडेनऊच्या जागी एनबीसीने काय लावलं? 'व्हिटनी'. व्हिटनी कमिंग्जची सिटकॉम, एक गोरी मुलगी आणि तिचा बॉयफ्रेंड. समीक्षकांनी तिचीही सालटी काढली, त्या वर्षीच्या सगळ्यात वाईट नव्या मालिकांत तिचं नाव हटकून असायचं. आणि तिला दुसरा सीझन मिळाला, एकूण ३८ एपिसोड झाले. स्लॉट तोच, चॅनल तेच, शिव्या साधारण तेवढ्याच. त्यातही अजून एक, 'व्हिटनी'त मित्राच्या भूमिकेत कोण होता तर 'थर्टी रॉक'मधला तो मौलिक पंचोली. म्हणजे देसी माणूस ठेवला, फक्त परत एकटा केला.

हे नुसतं आपल्याच बाबतीत घडलं असंही नाही, हा तिथला जुना पायंडा आहे. १९७६ साली एबीसीवर 'मिस्टर टी अँड टीना' आली, पॅट मोरिता हिरो, आशियाई वंशाचा माणूस मुख्य भूमिकेत असलेली पहिली अमेरिकन सिटकॉम, सप्टेंबरात सुरू आणि ऑक्टोबर संपायच्या आत बंद. मग १९९४ मध्ये त्याच एबीसीवर 'ऑल-अमेरिकन गर्ल', मार्गरेट चो या कोरियन-अमेरिकन कॉमेडियनची, कोरियन कुटुंबाची गोष्ट म्हणून, पण मुख्य कलाकारांत कोरियन ती एकटीच. चोने नंतर सांगितलंय की तिचा चेहरा फार गोल दिसतो म्हणून वजन उतरवायला लावलं आणि त्या नादात तिची किडनी बिघडून ती हॉस्पिटलात गेली, आणि एवढ्यावर भागलं नाही म्हणून तिला पुरेसं आशियाई कसं वागायचं ते शिकवायला माणूस नेमला. १९ एपिसोडमध्ये मालिका संपली. त्यानंतर एखाद्या आशियाई-अमेरिकन कुटुंबाची सिटकॉम मोठ्या चॅनलवर कधी आली? फेब्रुवारी २०१५, 'फ्रेश ऑफ द बोट'. वीस वर्षं! एका मालिकेच्या चुकीची वीस वर्षं सजा, आणि ज्यांनी ती बिघडवली ते चॅनलचे साहेब तोपर्यंत रिटायरही झाले असतील. आणि 'फ्रेश ऑफ द बोट' आल्यावर ती शंभराच्या वर एपिसोड चालली, म्हणजे लोक बघायला तयार नव्हते हे कारण तरी खोटंच निघालं.

आपल्या बाबतीत वीस वर्षं नाही लागली हे कबूल. २०१२ मध्ये मिंडी केलिंगची 'द मिंडी प्रोजेक्ट' फॉक्सवर आली, २०१५ ला अझीझ अन्सारीची 'मास्टर ऑफ नन' नेटफ्लिक्सवर. पण नीट बघा, मोठ्या चॅनलवरचं जे आलं ते बहुतेक एकेकट्या चेहऱ्याचं आलं. मिंडी आणि तिच्याभोवती बहुतेक सगळे गोरे. खोलीभर आपले लोक आपापसात भांडतायत, चहाडी करतायत, एकमेकांना टोप्या घालतायत, असं दृश्य त्या साडेनऊच्या स्लॉटबरोबर गेलं ते गेलंच. आणि खरी कॉमेडी त्याच्यातच असते कारण एकटा माणूस नेहमी समाजाचा प्रतिनिधी होऊन बसतो, त्याला शहाणंच वागावं लागतं किंवा मुद्दाम वेडंवाकडं. पाच जण असले की एक मूर्ख असू शकतो, एक चालू असू शकतो, एक कंटाळवाणा असू शकतो, आणि त्यावरून कुणी अख्ख्या देशाचं माप काढत नाही. 'आउटसोर्स्ड'मध्ये, तिचे सगळे दोष धरूनही, हे होतं. राजीव आणि गुप्ता एकमेकांसारखे अजिबात नाहीत.

तुम्ही म्हणाल साचेबंद मालिका बंद झाली तर चांगलंच झालं, तिची वकिली कशाला. मी 'सिम्पसन्स' या अमेरिकन कार्टून मालिकेतल्या अपू या भारतीय दुकानदारावरून वाद झाला तेव्हा त्या वादाच्या बाजूनेच होतो. हरी कोंडाबोलू या भारतीय वंशाच्या अमेरिकन कॉमेडियनची त्यावरची २०१७ ची डॉक्युमेंटरी मला पटली होती, 'सिम्पसन्स'मध्ये १९९० पासून एक गोरा माणूस नक्कल करून अपूचा आवाज काढतोय आणि त्या एका आवाजावर शाळेतल्या पोरांचा छळ होतोय हे चूकच होतं, आणि शेवटी २०२० मध्ये हँक अझारियाने तो आवाज काढणं सोडलं ते बरं झालं. पण अपूत आणि 'आउटसोर्स्ड'मध्ये एक फरक आहे जो तेव्हाच्या गदारोळात कुणी पाहिला नाही. अपूत एकाही भारतीय माणसाला काम मिळालं नव्हतं. 'आउटसोर्स्ड'मध्ये पाच जणांना वर्षभर, दर आठवड्याला, अमेरिकेतल्या मोठ्या चॅनलवर काम मिळालं, आणि असं काम माणसाला घडवतं, एका एपिसोडपुरता टॅक्सीवाला किंवा दहशतवादी होऊन घडत नाही कोणी. पुढे बघा ना. सच्चा धवन २०२० मध्ये 'डॉक्टर हू' या ब्रिटिश मालिकेतला मास्टर नावाचा खलनायक झाला, परवेश चीना 'क्रेझी एक्स-गर्लफ्रेंड'मध्ये गेला. आणि रिझवान मांजी 'शिट्स क्रीक'मध्ये रे बुटानी झाला, तो गावातली सगळी कामं एकटाच करणारा इस्टेट एजंट. या 'शिट्स क्रीक'चं तर वेगळंच, कॅनडातली छोटी मालिका, २०१५ ला सुरू झाली तेव्हा कुणी ढुंकून बघत नव्हतं, सावकाश मुरत गेली आणि २०२० ला सहाव्या, शेवटच्या सीझनला कॉमेडीतले सातही मोठे एमी पुरस्कार घेऊन गेली. रेच्या पात्रात कुठेही गाय नाही, तिखट नाही, नावावर कोटी नाही, फक्त एक आगाऊ, प्रेमळ, डोकं खाणारा मनुष्य आहे. मांजी २०१० मध्येही हेच करू शकला असता, त्याला तसं लिहून देणारं कुणी नव्हतं आणि वाट बघणारंही नव्हतं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच की मागणी चुकीच्या जागी केली जाते. आपण म्हणतो आमच्यावर चांगली मालिका काढा. एकच काढा पण चांगली काढा, आमची लाज राखेल अशी. ही मागणी चॅनलला फार सोयीची आहे, कारण एकच काढायची आणि ती पडली की झालं, पुढची दहा वर्षं सुट्टी, वर सांगायला मोकळे की तुमच्याच लोकांना आवडली नाही. मागायला पाहिजे ते वेगळंच, की पाच काढा, त्यातल्या तीन भिकार निघू देत, आणि लिहिणारे वर्षभर त्या शहरात राहून आलेले असू देत. गोऱ्या मालिकांत भिकारचं प्रमाण काय कमी आहे? मराठी चॅनलवर संध्याकाळी सात ते दहा जे चालतं त्यात चांगलं किती आणि तरी दर दोन महिन्यांनी नवीन सुरू होतेच की, कारण तिथे मराठी मालिका पडली म्हणजे मराठी माणूस पडला असं कुणी समजत नाही. हिंदी सिनेमात मात्र आपणही रडतोच की मराठी म्हटलं की बाई नाहीतर हवालदार, आणि मग आपल्याच नाटकात भय्या आणि अण्णा आले की खो खो हसतो, असो, तो वेगळा विषय आहे आणि त्यावर कुणालाच बोलायचं नसतं.

आता ही एक तक्रार मात्र माझी खासगी, प्रांतीय म्हणा हवं तर. मुंबईत घडणारी मालिका, बावीस एपिसोड, आणि मुख्य टोळीत गिडवानी आहे, गुप्ता आहे, मनमीत आहे, पण एक कदम, एक सावंत, एक डिसोझा नाही. मुंबईच्या कुठल्याही कॉल सेंटरच्या फ्लोअरवर हे शक्यच नाही. दुसरा सीझन आला असता तर कुणीतरी कधीतरी पत्र लिहून हे सांगितलं असतं, आणि मग आला असता एखादा टीएल शिंदे, डोंबिवलीहून ट्रेनला लटकत येणारा, चतुर्थीचा उपास असलेला, टॉडच्या बेकनच्या पाकिटाकडे एकदा बघून ते पेनच्या टोकाने टेबलावरून बाजूला सरकवणारा. तो वाईट लिहिला असता तरी चाललं असतं मला. तिसऱ्या सीझनपर्यंत सुधारला असता.